बशीखालचं पान

त्रिएस्तेत बोरा येते ती सांगून येत नाही,
थोरल्या नणंदेसारखी येते,
आणि आल्या आल्या दारं आपटते.
म्हटलं, हिच्यावरच पत्ते करू.

चौघं भिडू. नीवेस चित्रं काढणार,
बोयान नियम लिहिणार, लिव्हिओ पैशांचं बघणार,
आणि मी कापणार. कुणाला तरी कापावं लागतंच.
स्टीलची पट्टी, ब्लेड,
कोपरे गोल करायचं एक बोजड यंत्र,
लिव्हिओच्या मावशीच्या बंद पडलेल्या चपलांच्या दुकानातलं.

राजा नको, राणी नको, गुलाम तर नकोच,
असं बोयान पहिल्याच दिवशी म्हणाला.
बावन्न वस्तू, वाऱ्यानं नेलेल्या:
दोरीवरची चादर, न्हाव्याची पाटी,
लग्नाच्या केकवरची साखरेची बदकं,
शाळेच्या पायऱ्यांवरून सुटलेलं उत्तरपत्रिकांचं बाड,
जे मास्तरांनी म्हणे फार मन लावून शोधलं नाही.
ज्याच्याकडे वस्तू जास्त, त्याचा डाव.
वाऱ्याचं पान निघालं की हातातलं सगळं डावीकडे द्यायचं,
दोराचं पान असेल तर धरून राहायचं.
एवढंच. सोपं वाटलं.

वाऱ्याचं पान नीवेसला जमेना.
फुगलेले गाल काढले; लिव्हिओ म्हणाला, पाववाला दिसतो.
वाकलेलं झाड काढलं; ते झाडच झालं.
निळ्या रेघा ओढल्या; बोयान "छान" म्हणाला,
आणि तो ज्या आवाजात म्हणाला
तो ऐकून तिनं कागद उलटा ठेवला.
नावावरूनही वाजलं.
वर, कार्स्टच्या पठारावर, बोयानच्या घरी
हिला बोरा नाही, बुर्या म्हणतात.
एका पानावर दोन नावं मावत नाहीत, लिव्हिओ म्हणाला.
मावत नाहीत की मावू द्यायची नाहीत, बोयान म्हणाला.
मग दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही.
लिव्हिओ मात्र बोलत होता, छापखान्याच्या दराबद्दल.

म्हणून रविवारी खेळून बघताना
ते एक पान कोरंच होतं.
खेळायला बसवलं खालच्या मजल्यावरच्या ओंदीना बाईंना.
वय सत्त्याऐंशी. कॉफी बिनसाखरेची.
चष्मा गळ्यात, नाकावर नाहीच.
तीन डाव झाले, तिन्ही त्यांनी मारले.
चौथ्यात लिव्हिओनं त्यांची बशी उचलली
आणि खाली कोरं पान, कॉफीचं वर्तुळ उमटलेलं.

"तुम्ही बघितलं कसं, उलटं असताना?"
"बघते कोण," त्या म्हणाल्या,
आणि अंगठा पुढे केला.

मी पट्टी लावली. अर्धा मिलिमीटर.
त्या एका पानाला माझा हात ढळला होता.
कान गरम झाले. म्हटलं, पुन्हा कापतो.

पण बोयान वही उघडून बसला होता:
नियम एकोणीस. वाऱ्याचं पान बाकीच्यांपेक्षा अरुंद असेल.
नियम वीस. ज्याला ते आधी कळेल
त्यानं ते हातचं म्हणून बशीखाली राखावं,
पकडला गेला तर कॉफी त्याच्याकडून.
"बुर्या अशीच कळते," तो म्हणाला. "आधी हाताला."
ओंदीना बाई म्हणाल्या, "बोरा."
मग दोघं हसली, तेवढ्यात मी पिसून घेतले.

नीवेसनं वर्तुळ तेवढं ठेवलं.
नाव नाही, रेघ नाही, कॉफीचा एक कडा,
तोही पूर्ण नाही. तिला अजून वाटतं, ही पळवाट आहे.
मलाही कधी कधी वाटतं.

छापखान्याचा फोन आला: एक पान अर्धवट आलंय.
म्हटलं, तसंच आहे.
आणि ते अर्धा मिलिमीटर यंत्रावर होणार नाही, तो म्हणाला.

तेव्हा पाचशे डब्यांतली पाचशे पानं
मी हातानं तासतोय, मावशीच्या दुकानात, रात्री.
केसाएवढ्या पट्ट्या फरशीवर पडतात.
तीनशे बारा झाली.
दार उघडंच ठेवलंय.
बाहेर आज झाडाचं पान हलत नाही.